संकटकाळी स्वाभिमान कसा राखावा?



या मासिकातून आपण नेहमी बियाणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी वाचता. माझाही विषय पीकशास्त्र हाच आहे. तरीही या वेळी पिकाविषयी न लिहिता पीक घेणाऱ्या माणसाविषयी लिहावे असे वाटले. त्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री, सिल्लोड या तालुक्यांत शेतकरी मेळाव्यांच्या निमित्ताने जाणे होते. मेळाव्यात प्रश्न येतात ते बोंडअळीचे आणि मोसंबीच्या फळगळीचे. मेळावा संपतो, चहा होतो आणि मग एखादा शेतकरी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, "साहेब, बँकेची नोटीस आलीय. काय करावं?"

बोंडअळीचा प्रश्न चारचौघांत विचारता येतो, कर्जाचा विचारता येत नाही. बोंडअळी पडली यात आपला दोष नाही असे आपण मानतो आणि कर्ज थकले की सारा दोष आपलाच असे धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्हींच्या मागे पाऊस, बाजारभाव आणि निविष्ठांचा खर्च अशी बरीचशी सारखीच कारणे असतात. अडचणीच्या काळात स्वतःचा मान कशात आहे आणि तो कसा राखावा, याचा विचार या लेखात करू.

ताण कोठवर सोसावा?

मोसंबीचा बहार धरण्यासाठी आपण पाणी तोडतो, म्हणजेच झाडाला ताण देतो. ताण मुळात वाईट नाही. ताणाच्या काळात झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पुढे पाणी दिल्यावर फुले निघतात. परंतु ताणाला मुदत असते. हलक्या जमिनीत ती कमी आणि भारी जमिनीत जास्त असते. पाने पिवळी पडून गळू लागली की जाणता बागायतदार ताण तोडतो. तोही एकदम भरपूर पाणी देऊन नव्हे. आधी आंबवणीचे हलके पाणी, नंतर चिंबवणीचे आणि मग नेहमीच्या पाळ्या. मुदत ओलांडली तर बहार येणे दूरच, फांद्या वाळतात आणि कधी झाडच हातचे जाते.

माणसाच्या मनावर येणाऱ्या ओझ्यालाही आपण ताण हाच शब्द वापरतो. थोडा ताण माणसाला कामाला लावतो, खर्चाचा विचार करायला शिकवतो. मात्र वर्षानुवर्षे कोणाला न सांगता सोसलेला ताण माणसाला आतून वाळवतो. फरक एवढाच की, झाड पाने गाळून आपली अवस्था उघड सांगते. माणूस मात्र वरून हिरवा दिसण्याचा प्रयत्न करीत राहतो. त्यामुळे ताण कधी तोडावा हे घरच्यांनाही कळत नाही.

बहात्तरचा धडा

अडचण उघड सांगितल्याने मान जातो, अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मराठवाड्यातील वयस्कर मंडळी आजही काळ मोजताना "बहात्तरच्या आधी" आणि "बहात्तरनंतर" असे बोलतात.

लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर १९७२ चा खरीप हातचा गेला. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणी येथे मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली होती. म्हणजे या विद्यापीठाचा पहिला हंगामच दुष्काळाचा होता. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात आजचा जालना जिल्हाही येत होता. विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाने विकावी लागली. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन लोकांनी दिवस काढले. कित्येक कुटुंबांनी मुंबई-पुण्याची वाट धरली.

जे गावात राहिले त्यांनी काम मागितले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली. मे १९७३ च्या सुमारास राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. त्यांत भूमिहीन मजूर होते, तसेच सात-बाऱ्यावर नाव असलेले शेतकरीही होते. ज्या हातांनी पूर्वी इतरांना मजुरी दिली, त्या हातांनी घण उचलला. मजुरी तुटपुंजी होती, पगार वेळेवर होत नसत, उन्हात पाण्याचे हाल होते. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या लोकांची गरज मस्टरवर आली. नाव, हजेरी आणि केलेले काम कागदावर चढले. म्हणून राज्याला ती मोजता आली.

श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगाराच्या हमीचा प्रयोग सुरू झाला होता. दुष्काळाच्या अनुभवाने त्या कल्पनेला बळ मिळाले. १९७७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असे त्याचे सूत्र होते. पुढे १९९० च्या सुमारास याच योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली. आपल्या भागातील कितीतरी मोसंबी, डाळिंब, आंबा व बोरांच्या बागा त्यातून उभ्या राहिल्या. २००५ मध्ये देशपातळीवर रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

यातून घेण्याचा धडा असा : लोकांनी आपली अडचण घरात दडवली असती, तर ती ज्याची त्याची लाज होऊन राहिली असती. ती उघड्यावर आली म्हणून तिचा हक्क झाला. दान मागणे आणि हक्काचे मागणे यांतला फरक त्या पिढीने ओळखला होता.

घरचा अनुभव

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणणे खोटे ठरेल. आमची मोसंबीची बाग पैठण तालुक्यात आहे. २०१२ मध्ये पाऊस फसला. २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, त्यांत आमचीही होती. वडिलांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगविण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी सोसायटीच्या कर्जावर आणखी खाजगी उसनवारी झाली.

मी त्या वेळी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो. पिकावरील पाण्याचा ताण हाच माझा अभ्यासाचा विषय. घरी फोन केला की वडील म्हणायचे, "सगळं बरं हाय, तू अभ्यास कर." एकदा त्यांचा आवाज बदललेला वाटला म्हणून खोदून विचारले, तेव्हा त्यांनी थकबाकीचे सांगितले. त्यावर मी काय म्हणालो? "दादा, गावात कोणाला सांगू नका. लोक काय म्हणतील!" शिकलेल्या मुलाने बापाला दिलेला हा सल्ला. हे वाक्य मला आजही टोचते.

वडिलांनी तो सल्ला पाळला. सोसायटीचे कार्यालय पारासमोर आहे. सचिवांची गाठ पडू नये म्हणून ते मळ्यातून ओढ्याच्या वाटेने घरी येऊ लागले. पारावर बसणे बंद झाले. आहेर करता येणार नाही म्हणून चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला गेले नाहीत. जेवण कमी झाले, रात्री अंगणात फेऱ्या मारू लागले. बाग वाळत होती हे सर्वांना दिसत होते. माणूस वाळतोय हे फक्त आजोबांनी ओळखले.

एके दिवशी आजोबांनी त्यांना समोर बसवले आणि म्हणाले, "आरं, बहात्तरला मी खडी फोडली. पारापुढनं गेलेल्या रस्त्याचीच खडी हाय ती. साऱ्या गावानं बघितलं. तवा मला लाज वाटली न्हाई, अन् तू त्याच रस्त्यावरून यायचं सोडून वढ्यानं येतोस व्हय?"

त्याच संध्याकाळी एका वहीत सगळी देणी मांडली. आई, आजी, आम्ही दोघे भाऊ असे सगळे बसलो होतो. आकडा मोठा होता, पण प्रत्येकाने मनात धरला होता त्यापेक्षा कमी होता. दुसऱ्या दिवशी वडील आणि आजोबा वही घेऊन सोसायटीत गेले. अल्पमुदतीच्या कर्जाचे रूपांतर मध्यम मुदतीत झाले. खाजगी देणे फेडण्यासाठी मोटारसायकल आणि एक म्हैस विकली. तीनशे झाडांपैकी जी हाती लागण्यासारखी होती ती निवडली, फांद्या छाटल्या, बुडात पाचटाचे आच्छादन केले आणि उरलेल्या झाडांवरचा जीव काढून घेतला. एकशे दहा झाडे वाचली. कर्ज फिटायला पाच वर्षे लागली. चमत्कार काही झाला नाही. पण वडील पुन्हा पारावर बसू लागले ते कर्ज फिटल्यावर नव्हे, वही मांडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात.

प्रतिष्ठा आणि स्वाभिमान

या अनुभवावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात असे वाटते. प्रतिष्ठा ही लोकांच्या नजरेवर अवलंबून असते. ती टिकवण्यासाठी ऐपत नसताना मोठे लग्न, शेजाऱ्याने घेतला म्हणून ट्रॅक्टर, चार कूपनलिका कोरड्या गेल्यावर पाचवी, असे खर्च होतात. स्वाभिमान हा स्वतःच्या वागण्यावर अवलंबून असतो. कोणाला फसवले नाही, देणे नाकारले नाही, कष्टाला मागे हटलो नाही, एवढे मनाशी पक्के असेल तर पाऊस पडला नाही म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. संकटात प्रतिष्ठेला काही काळ रजा द्यावी लागते. तसे केल्यानेच स्वाभिमान राहतो.

प्रत्यक्षात काय करावे?

पावसाने ओढ दिली तर आपण हात टेकत नाही, आपत्कालीन पीक नियोजन करतो. जुलैच्या मध्यानंतर मूग, उडीद न पेरता बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळतो. तसेच नियोजन घराचेही करता येते. त्यासाठी खालील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) देणी कागदावर मांडावीत : कोणाचे किती, व्याज किती, मुदत केव्हा, हे एका वहीत लिहावे. दुसऱ्या पानावर येणे आणि विकता येण्यासारखी वस्तू लिहावी. मनातले कर्ज रात्री वाढते, कागदावरचे आहे तेवढेच राहते.

२) घरात सांगावे : पत्नीला व कळत्या मुलांना परिस्थितीची कल्पना द्यावी. घरातील स्त्री अनेकदा खर्चाचा मार्ग आधी शोधते. १९९२ मध्ये आलेल्या लक्ष्मी मुक्ती योजनेतून पत्नीचे नाव सात-बाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची वाट खुली झाली. जमिनीवर जिचे नाव, तिला कर्जाचीही माहिती असणे हे न्यायाचेच आहे.

३) नोटिशीची वाट पाहू नये : हप्ता भरता येणार नाही असे दिसताच बँकेत वा सोसायटीत स्वतःहून जावे. तोंडी न बोलता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात पिकाचे नुकसान, क्षेत्र आणि किती मुदत हवी हे लिहावे. विनवणीच्या भाषेची गरज नाही, वस्तुस्थिती पुरे.

४) हक्काची मदत सोडू नये : शासनाने दुष्काळ जाहीर केला की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी अशा सवलती देण्यात येतात. पूर्वी ५० टक्के नुकसान झाले तरच मदत मिळे. २०१५ पासून ३३ टक्के वा अधिक नुकसान मदतीस पात्र धरले गेले. पंचनाम्याच्या वेळी स्वतः शेतात हजर राहावे. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असे शासन निर्णयांतून बँकांना वेळोवेळी कळविण्यात आले आहे. हे माहीत असलेला माणूस काउंटरवर ताठ उभा राहतो.

५) सावकाराच्या दडपणाला घाबरू नये : महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हाही गुन्हा आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. अवैध सावकारीतून जमीन लिहून घेतली असेल, तर कायद्यातील मुदतीत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून ती परत मिळवता येते. घेतलेले मुद्दल नाकारू नये, पण बेकायदा मागणीपुढे मानही तुकवू नये.

६) कोणतेही कष्टाचे काम हलके मानू नये : एक-दोन हंगाम दुसऱ्याच्या शेतावर, बाजार समितीत अथवा शहरात काम करावे लागले तर त्यात कमीपणा नाही. शेत विकण्यापेक्षा घाम विकणे केव्हाही चांगले.

७) मनाचे दुखणे अंगावर काढू नये : झोप न लागणे, जेवण कमी होणे, माणसे टाळणे, सतत चिडचिड किंवा सारे निरर्थक वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. हा आजार आहे, दुबळेपणा नव्हे, आणि त्यावर उपचार आहेत. जगणे नकोसे वाटले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे. टेलि-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत मोफत बोलता येते. पिकाच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ असा आहे.

शेजाऱ्याची जबाबदारी

अडचणीतील माणसाचा मान राखणे हे त्याच्या एकट्याच्या हातात नसते. पारावर एखाद्याच्या नोटिशीची चर्चा करणारे आपणच असतो. नेहमी येणारा माणूस येईनासा झाला, ओढ्याच्या वाटेने जाऊ लागला, तर त्याच्या घरी जावे. "किती कर्ज झालं?" असे विचारू नये. "उद्या माझ्या पेरणीला येतोस का?" असे म्हणावे. सल्ला देण्यापेक्षा बँकेत सोबत जावे. लग्नात आहेर घेणे-देणे बंद करण्याचा ठराव गावाने केला, तर कितीतरी माणसे ताठ मानेने मांडवात येतील.

आशा म्हणजे काय?

सकारात्मक वृत्ती म्हणजे "सगळे ठीक होईल" असे म्हणत बसणे नव्हे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव येथून फार दूर नाही. १९९६ पासून तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून, खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, ग्रामस्थांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्तीची कामे केली. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२ च्या दुष्काळात आसपास बागा वाळत असताना तेथील बागा तगल्या. बांध घालताना पुढचा दुष्काळ केव्हा येईल हे तेथे कोणालाच माहीत नव्हते. तो येणार हे धरून त्यांनी काम केले. आशा याहून वेगळी नसते.

दुष्काळाप्रमाणेच अतिवृष्टीही येते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उभी पिके पाण्यात गेली, कोठे मातीच खरडून गेली. अशी वर्षे पुन्हा येतील. तेव्हा वही काढावी, घरच्यांना बोलवावे आणि सकाळी पारापुढच्या रस्त्यानेच सोसायटीत जावे. तो रस्ता आपल्याच आजोबांनी केलेला आहे.